सहाणेवरची आफ्रिका

जयपूरच्या विमानतळावरून टोंक रस्त्याने दक्षिणेला निघालं की थोड्याच वेळात सीतापुरा लागतं. जयपूर म्हटल्यावर जे जे डोळ्यांपुढे येतं त्यातलं तिथे काही नाही. गुलाबी भिंती नाहीत, झरोके नाहीत, झूल घातलेले हत्ती नाहीत. राजस्थानच्या औद्योगिक महामंडळाने, म्हणजे ‘रीको’ने, आखून दिलेले भूखंड, कारखान्यांच्या शेड, खासगी अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयं, रत्नं-दागिन्यांसाठी राखलेलं विशेष आर्थिक क्षेत्र आणि एक भलंमोठं प्रदर्शन व संमेलन केंद्र. जयपूर बघायला आलेल्या पाहुण्याला कुणी इकडे फिरवत नाही. तरीही आफ्रिकेवरच्या या मराठी संग्रहाची प्रस्तावना मला सीतापुऱ्यापासूनच सुरू करायची आहे. आफ्रिका आपल्याकडे रोज येते आणि आपल्याला ती दिसत नाही, याचा इतका रोकडा पुरावा दुसरीकडे मिळणं कठीण.

इथल्या आणि जुन्या शहरातल्या कारखान्यांत ज्या खड्यांना पैलू पडतात त्यांतले कितीतरी आफ्रिकेतून आलेले असतात. झांबियाचा पाचू, मोझांबिकचं माणिक, मादागास्करचा नीलम, टांझानियाचा टांझानाईट. जयपूरचा व्यापारी ‘रफ’ घ्यायला लुसाकाला जातो, अरुशाला जातो. आपण नकाशात शोधू अशी ही गावं त्याच्या बोलण्यात सांगानेर किंवा चोमूइतक्या सहज येतात. झांबियाच्या पाचूला निळसर झाक का असते, कुठल्या खड्याला किती तेल पाजलेलं आहे, हे त्याला नजरेनेच कळतं. तो खडा ज्या जमिनीतून निघाला तिथे लोक काय जेवतात, काय वाचतात, कुणाला मत देतात, हा मात्र व्यवहाराचा भाग नाही. बाजारालाही बहुधा तेवढंच हवं असतं. झांबियातल्या कागेम खाणीत तीन चतुर्थांश मालकी जेमफिल्ड्स कंपनीची आणि एक चतुर्थांश झांबिया सरकारची आहे. तिथे २०१८ साली ५,६५५ कॅरेटचा पाचू निघाला, त्याचं बारसं बेम्बा भाषेत ‘सिंह’ असं झालं. २०२१ साली ७,५२५ कॅरेटचा निघाला, तो ‘गेंडा’. त्याआधी एक ‘हत्ती’ही होऊन गेला होता. दगड विकायचा तरी आफ्रिकेने प्राणीच पुढे करायचे, अशी ही रीत.

टांझानाईटची गोष्ट तर या संग्रहातल्या कुठल्याही कथेइतकी गुंतागुंतीची आहे. किलिमांजारोच्या पायथ्याजवळ मेरेलानीच्या टेकड्यांत, मसाई लोकांच्या मुलखात, १९६७ साली हा निळा-जांभळा खडा जगापुढे आला. जगात तो आजवर तेवढ्याच पट्ट्यात सापडला आहे. शोधकर्ता म्हणून पुस्तकांत नाव आलं ते मॅन्युएल डिसूझा यांचं. मूळचे गोव्याकडचे, अरुशात शिवणकाम करायचे, सवडीने खनिजांच्या शोधात हिंडायचे. दुसऱ्याच वर्षी न्यूयॉर्कच्या टिफनी कंपनीने खड्याचं नामकरण केलं आणि जाहिरातींचा धडाका लावला. टांझानियात मात्र लोक दुसरंच नाव सांगत राहिले: जुमाने न्गोमा. खडा आधी त्यांना दिसला होता, असं त्यांचं म्हणणं. देशाच्या राष्ट्राध्यक्षांनी न्गोमा यांचा जाहीर गौरव केला तो २०१८ साली, म्हणजे अर्धशतक उलटल्यावर. त्याच सुमारास लष्कराने खाणींभोवती सुमारे २४ किलोमीटरची भिंत बांधून काढली, कारण खडे चोरवाटांनी बाहेर जात होते आणि देशाच्या तिजोरीत फारसं काही पडत नव्हतं. कच्चा टांझानाईट बाहेर नेण्यावर टांझानियाने वेळोवेळी जे निर्बंध घातले त्यांचा रोख बव्हंशी जयपूरकडे होता. पैलू पाडण्याचं काम, आणि त्यातून येणारी मजुरी, आपल्याच देशात राहावी एवढीच त्या लोकांची इच्छा.

मेरेलानीतून निघणारे बहुतेक खडे मुळात तपकिरी असतात, हेही इथे सांगायला हवं. भट्टीत तापवल्यावर त्यांना तो प्रसिद्ध निळा रंग चढतो. गिऱ्हाइकाला हवा तो रंग आल्याखेरीज माल बाजारात जात नाही. आफ्रिकेच्या गोष्टींचंही दीडशे वर्षं असंच होत आलं आहे. फरक इतकाच, की त्यांची भट्टी लंडनला आणि न्यूयॉर्कला होती, आणि तिथून निघालेला माल आपणही मुकाट्याने घेतला.

सीतापुऱ्याच्या त्या संमेलन केंद्रात आणखी एक बाजार भरतो. ‘ग्रेट इंडियन ट्रॅव्हल बझार’ २००८ पासून जयपुरात होतो आणि अलीकडे तो याच केंद्रात भरू लागला आहे. केंद्र सरकारचं पर्यटन मंत्रालय, राजस्थान सरकार आणि ‘फिक्की’ मिळून तो भरवतात. देशोदेशीचे सहल-व्यावसायिक येतात आणि भारत विकत घेतात. कुठली राज्यं, किती रात्री, किती किल्ले, हत्तीवर बसवणार का, जेवताना कठपुतळी असणार का. यजमान म्हणून टेबलाच्या या बाजूला बसलेल्या माणसाला एक गोष्ट नीट कळत असते. समोरच्याला हवा असलेला भारत आणि आपण राहतो तो भारत वेगवेगळे आहेत, आणि विकला जातो तो पहिला. गारुडी, साधू आणि हत्ती यांत आपल्याला बसवलं म्हणून आपण किती पिढ्या चिडलो! राजस्थानने तर मध्यंतरी ‘पधारो म्हारे देस’ ही जुनी हाक बाजूला ठेवून नवं घोषवाक्य आणलं आणि काही वर्षांनी पुन्हा जुन्याकडेच वळला. स्वतःचं चित्र दुसऱ्याच्या हाती गेलं की ते परत मिळवणं किती जिकिरीचं, हे जयपूरला पुरतं माहीत आहे. तीच माणसं नैरोबीच्या विमानात बसली की टेबलाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसतात. आपली म्हणजे मराठी माणसाची गत वेगळी नाही.

मराठी वाचकाच्या मनातली आफ्रिका कुठून आली, ते फार खोदावं लागत नाही. माझ्या पिढीला ती मिळाली टारझनकडून आणि इंद्रजाल कॉमिक्समधल्या वेताळाकडून. दोन्ही गोष्टींत जंगल काळ्यांचं आणि त्याचा राखणदार गोरा. टारझनचा जनक एडगर राइस बरोज जन्मात आफ्रिकेला गेला नव्हता. गंमत अशी की १९३७ साली ‘चाँदेर पाहाड’ लिहिणारे बिभूतिभूषण बंद्योपाध्यायही गेले नव्हते. त्यांचा नायक युगांडा रेल्वेत नोकरी करणारा बंगाली तरुण आहे, गोरा साहेब नव्हे. तरी आफ्रिका तीच राहिली: सिंह, ज्वालामुखी, हिरे. तिथली माणसं पार्श्वभूमीला. पुढे वर्तमानपत्रांनी या चित्रात दुष्काळ, यादवी आणि एड्स यांची भर घातली. दुसरीकडे दलित साहित्याच्या चळवळीने अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांशी आपलं नातं जोडलं. १९७२ साली स्थापन झालेल्या दलित पँथरने तर नावच तिकडून घेतलं. वीणा गवाणकरांच्या ‘एक होता कार्व्हर’ने घराघरात एका कृष्णवर्णीय शास्त्रज्ञाविषयी माया निर्माण केली. पण हे सगळं अमेरिकेपाशी थांबलं. अटलांटिक ओलांडून उलट यायचं आपल्याला सुचलं नाही, आणि अरबी समुद्र तर दाराशीच होता.

याचं नवल अधिक वाटतं, कारण आपल्याकडे जुनी, थेट आणि इंग्रजांची दलाली नसलेली ओळख होती. सोळाव्या शतकाच्या मध्याला इथिओपियात जन्मलेला एक मुलगा गुलाम म्हणून विकला गेला, अरबस्तान-बगदादच्या बाजारांतून फिरत दख्खनला पोचला आणि निजामशाहीचा कर्ताकरविता झाला. मलिक अंबर. १६१० साली त्याने खडकी हे शहर वसवलं, तेच पुढे औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर. नहर-ए-अंबरीने त्या शहराला पाणी दिलं. त्याच्या जमीन महसुलाच्या पद्धतीचा उल्लेख केल्यावाचून दख्खनचा इतिहास लिहिता येत नाही. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले आणि त्यांचे बंधू शरीफजी तिथेच पडले. जहांगीर बादशहाला हा माणूस अखेरपर्यंत हाती लागला नाही. म्हणून त्याने अबुल हसन या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतलं. त्यात भाल्याच्या टोकावर मलिक अंबरचं तोडलेलं डोकं आहे आणि बादशहा त्यावर बाण मारतो आहे. रणात जे जमलं नाही ते कागदावर उरकलं. चित्र आज डब्लिनच्या संग्रहालयात आहे. आफ्रिकी माणसाला चित्रात मारण्याची ही हौस युरोपीयांच्या आधीची आहे, हे ध्यानात ठेवलेलं बरं.

वेरूळ-अजिंठ्याला जाणारे हजारो मराठी पर्यटक छत्रपती संभाजीनगरात मुक्काम करतात. भद्रा मारुतीच्या दर्शनाला खुलताबादला जातात. मलिक अंबरची कबर त्याच खुलताबादेत आहे, पण सहलीच्या कागदावर ती क्वचितच असते. जंजिऱ्याचंही तसंच. राजपुरीच्या जेटीवरून होडी सुटते, गाईड कलालबांगडी तोफेपाशी नेऊन उभं करतो, किल्ला अजिंक्य कसा राहिला हे रंगवून सांगतो. शिवशाहीचा वैरी म्हणून सिद्दी आपल्याला ठाऊक असतो आणि ते वैर खरंच होतं. पण एका आफ्रिकी वंशाच्या घराण्याने कोकणच्या किनाऱ्यावर १९४८ पर्यंत संस्थान चालवलं, ही गोष्ट तेवढ्याने संपत नाही. ती माणसं कुठून आली, कशी रुजली, त्यांचे वंशज आज काय करतात, हे त्या होडीत कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही.

विसाव्या शतकात आपली माणसं उलट दिशेने गेली. १९१२ साली गोखले दक्षिण आफ्रिकेत गेले, हे शाळेच्या पुस्तकात असतं. त्या मानाने धोंडो केशव कर्व्यांचा दौरा कमी ठाऊक आहे. १९३० च्या अखेरीस, बहात्तर वर्षांचे असताना, महिला विद्यापीठासाठी निधी गोळा करायला ते आफ्रिकेत गेले आणि सुमारे सव्वा वर्ष केनिया, युगांडा, टांगानिका, झांजिबार, पोर्तुगीज पूर्व आफ्रिका, दक्षिण आफ्रिका असे फिरले. त्यांचे चिरंजीव शंकरराव मोंबासात डॉक्टर होते. पुण्याच्या मुलींच्या शिक्षणात मोंबासाच्या दुकानदाराचा पैसा आहे, ही बाब मला कुठल्याही सफारीपेक्षा थरारक वाटते.

मग आप्पा पंत. औंधच्या पंतप्रतिनिधींचे हे चिरंजीव १९४८ साली स्वतंत्र भारताचे पूर्व आफ्रिकेतले पहिले आयुक्त म्हणून नैरोबीला गेले. वसाहतीच्या सरकारची अपेक्षा अशी, की या गृहस्थाने हिंदी व्यापाऱ्यांच्या अडचणी सोडवाव्यात आणि गप्प बसावं. आप्पासाहेबांनी आफ्रिकी पुढाऱ्यांशी मैत्री जोडली, आफ्रिकी विद्यार्थ्यांना भारतात शिकण्यासाठी शिष्यवृत्त्या मिळवून दिल्या, जोमो केन्याटांशी घरोबा ठेवला. ब्रिटिशांना ते पचणं शक्यच नव्हतं, आणि १९५४ साली त्यांना तिथून हलावं लागलं. नैरोबीतच जन्मलेले, गोव्याच्या घरातले पिओ गामा पिंटो याच्याही पुढे गेले. केनियाच्या स्वातंत्र्यलढ्यात त्यांनी स्थानबद्धता भोगली आणि स्वतंत्र केनियात २४ फेब्रुवारी १९६५ रोजी त्यांची हत्या झाली. केनिया त्यांना हुतात्मा मानतो. आपल्याकडे त्यांचं नाव कितीजणांच्या कानावरून गेलं असेल?

ही नामावळ अभिमानासाठी नाही. याच इतिहासाची दुसरी बाजू तितकीच खरी आहे. वसाहतीच्या उतरंडीत गोरा वर, हिंदी मधे आणि आफ्रिकी तळाला होता, आणि मधल्या पायरीवरच्या आपल्या बहुतेक लोकांना ती उतरंड सोयीची वाटली. १९७२ साली इदी अमीनने युगांडातून आशियाई लोकांना नव्वद दिवसांत घालवलं, तो अन्याय होता. पण त्याआधी लोकांच्या मनात काय साठलं होतं ते आपण आपल्या मुलांना सांगत नाही. घानाच्या विद्यापीठातला गांधीजींचा पुतळा २०१८ च्या डिसेंबरात हलवला गेला तेव्हा इथे अनेकांना धक्का बसला. दक्षिण आफ्रिकेतल्या सुरुवातीच्या दिवसांत गांधीजींनी तिथल्या कृष्णवर्णीयांविषयी जे लिहिलं ते पुतळा हटवायला सांगणाऱ्या प्राध्यापकांनी वाचलं होतं, आपण वाचलं नव्हतं. केनियाचं उत्तर वेगळं आलं. २०१७ साली त्या देशाने आशियाई वंशाच्या नागरिकांना आपली चव्वेचाळीसावी जमात म्हणून मान्यता दिली. दोन्ही गोष्टी आफ्रिकेतल्याच आहेत. चोपन्न देशांचा, तीन कोटी चौरस किलोमीटरचा खंड एका आवाजात बोलेल अशी अपेक्षा करणं हीच मूळ चूक.

आपल्या मातीवर काय घडतं तेही याच ओघात नोंदवायला हवं. २०१६ साली बंगळुरूत टांझानियाच्या एका विद्यार्थिनीवर जमावाने हल्ला केला. २०१७ साली ग्रेटर नोएडात नायजेरियन विद्यार्थ्यांना मारहाण झाली. दोन्ही वेळा अफवा किंवा भलत्याचा राग पुरेसा ठरला. जयपूरच्या, पुण्याच्या महाविद्यालयांत आफ्रिकी देशांतली मुलं शिकतात. त्यांना घर भाड्याने मिळवताना काय ऐकावं लागतं, ते त्यांनाच विचारावं. आणि १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियाहून आठ चित्ते कुनोला आले तेव्हा देशभर कोण आनंद! ते विमान आधी जयपूरलाच उतरणार होतं, आयत्या वेळी ते ग्वाल्हेरला वळवलं. चित्त्यांची नावं शाळकरी मुलांनाही पाठ झाली. माणसांबाबत एवढी उत्सुकता दाखवली असती तर या संग्रहाची निकड थोडी कमी झाली असती.

आता गोष्टींकडे वळतो, कारण बदल तिथूनच सुरू झाला. चिनुआ अचेबे यांची ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ १९५८ साली आली. गोरे लोक येण्याआधी इग्बो गावाला न्याय होता, देवधर्म होता, भांडणं होती आणि मूर्ख माणसंही होती, हे त्या कादंबरीने दाखवलं. पुढे १९७५ च्या एका व्याख्यानात अचेबे यांनी जोसेफ कॉनरॅडच्या ‘हार्ट ऑफ डार्कनेस’ला थेट वंशवादी ठरवलं, आणि त्यावरून अजूनही वाद घालता येतो. केनियाचे न्गुगी वा थिओंगो इंग्रजीत नाव झालेलं असताना गिकुयू भाषेकडे वळले आणि तुरुंगात शौचालयाच्या कागदावर कादंबरी लिहून बसले. नेमाड्यांचा देशीवाद ज्याने पचवला किंवा ज्याच्या तो घशाखाली उतरला नाही, अशा दोन्ही प्रकारच्या मराठी वाचकांना न्गुगी कुणाच्या मध्यस्थीवाचून समजतील. बिन्यावांगा वाइनाइना यांनी २००५ साली आफ्रिकेविषयी कसं लिहावं याचे उपरोधिक धडे दिले: सूर्यास्त हवाच, उपाशी मूल हवंच, आणि आफ्रिकी माणूस स्वयंपाकघरात किंवा कचेरीत दिसता कामा नये. चिमामांडा न्गोझी अदिची यांनी २००९ च्या भाषणात एकाच गोष्टीतून एखाद्या समाजाला ओळखण्याचा धोका समजावला. त्या भाषणाचा इतका गाजावाजा झाला की ते न ऐकलेले लोकही त्याचा हवाला देतात.

अदिची जयपूरच्या साहित्य महोत्सवाला येऊन गेल्या आहेत. २०२३ साली अब्दुलरझाक गुर्ना आले आणि त्यांनी बीजभाषण केलं. १९४८ साली झांजिबारमध्ये जन्मलेले, १९६४ च्या क्रांतीनंतर देश सोडावा लागलेले आणि २०२१ चं नोबेल मिळालेले हे लेखक. त्यांच्या कादंबऱ्यांत गुजराती-कच्छी सावकार आहेत, अरब व्यापारी आहेत, मोसमी वाऱ्यांवर ये-जा करणारी गलबतं आहेत. ‘पॅरडाइज’ वाचताना आपल्या किनाऱ्याचीच पलीकडची बाजू वाचतो आहोत असं वाटतं. ज्या गावात गुर्ना बोलले त्याच गावात त्यांच्या देशाचा खडा घासला जात होता. ऐकायला आलेल्यांपैकी कुणी या दोन गोष्टी जोडल्या असतील तर मला त्याला भेटायला आवडेल.

पण गोष्टी बदलल्या म्हणून सहली आपोआप बदलत नाहीत. मुंबईहून नैरोबी विमानाने साधारण सहा तासांवर आहे. मराठी सहल कंपन्यांमुळे शिक्षक, बँकेतले निवृत्त कर्मचारी, नव्याने लग्न झालेली जोडपी तिथे पोचू लागली, आणि या सोयीला नाकं मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. बरोबर स्वयंपाकाला महाराज असतो, मसाई माराच्या अभयारण्यातही पोहे मिळतात, हेही ठीक. प्रश्न पाहण्याच्या यादीचा आहे. ‘बिग फाइव्ह’ ही यादी शिकाऱ्यांची. पायी शिकार करायला सगळ्यांत अवघड ती पाच जनावरं. बंदूक गेली, कॅमेरा आला, यादी तीच राहिली. वायरलेसवर खबर येते आणि एका चित्त्याभोवती गाड्यांचा गराडा पडतो. परत आल्यावर पहिला प्रश्न: सिंह दिसला का? दिसला नसेल तर पैसे वाया.

आठवडाभर या पर्यटकाचं ज्या एका आफ्रिकी माणसाशी बोलणं होतं तो म्हणजे गाडीचा चालक. तोच गाईड. त्याला स्वाहिली येतं, इंग्रजी येतं, घरची भाषा वेगळी असते, आणि गुजराती-हिंदीतले चारदोन शब्दही तो पेरतो. गवतातलं पुसटसं हालणं त्याला अर्ध्या मैलावरून कळतं. तरी मराठी प्रवासवर्णनांत तो ‘आमचा ड्रायव्हर’ एवढाच उरतो. दिवाळी अंकांतले आफ्रिकेवरचे लेख काढून बघा. सिंहिणीच्या बछड्यांना नाव असतं, त्याला नसतं. मसाई वस्तीची भेट म्हणजे प्रवेशमूल्य, उंच उड्यांचा नाच, मण्यांची खरेदी आणि फोटो. नाचणाऱ्या पोराचा मोबाइल झोपडीत चार्ज होत असतो, तो मात्र फोटोत यायचा नाही.

वस्तीबाहेरची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. १९५९ साली सेरेंगेटीतून मसाईंना हलवून न्गोरोंगोरोत आणलं, कारण अभयारण्यात माणूस नको, असं ठरलं होतं. तिथूनही आता त्यांनी निघावं म्हणून दबाव आहे, आणि शेजारच्या लोलिओंदोत २०२२ साली १,५०० चौरस किलोमीटर जमिनीच्या आखणीवरून पोलिसांशी संघर्ष झाला. मेळघाटातल्या पुनर्वसनाचं ज्याने थोडंफार वाचलं आहे त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. केनियाच्या बाजूला, मारा अभयारण्याच्या भोवती, दुसरा प्रयोग चालू आहे. मसाई जमीनमालक आपल्या जमिनी एकत्र करतात, पर्यटन कंपन्या त्यांना एकरी भाडं देतात, गाड्यांच्या संख्येला मर्यादा असते. पैसा थेट घरात येतो. हा प्रयोग निर्दोष नाही. कोरोनात पर्यटक आटले तेव्हा भाडंही आटलं. तरी सिंह जगवण्याचा मोबदला सिंहाच्या शेजाऱ्याला मिळावा, हा विचार मला रास्त वाटतो.

रवांडाने पर्यटनातून स्वतःची गोष्ट नव्याने सांगायचं ठरवलं. १९९४ च्या नरसंहाराने ओळखला जाणारा देश आज गोरिलांसाठी ओळखला जातो. एका भेटीचा परवाना १,५०० डॉलर, आणि उद्यानांच्या उत्पन्नातला दहा टक्के वाटा भोवतालच्या गावांना. लंडनच्या आर्सेनल फुटबॉल संघाच्या बाहीवर २०१८ पासून ‘व्हिजिट रवांडा’ झळकलं. किगालीतलं नरसंहाराचं स्मारकही ते पाहुण्यांना दाखवतात, लपवत नाहीत. कौतुक वाटतं. पण सरकारने रंगवलेलं चित्रही चित्रच असतं. स्वच्छ रस्ते दाखवणाऱ्या त्या चित्रात विरोधी पक्ष दिसत नाही. ‘काळोखा खंड’ पुसून त्या जागी ‘उगवती आफ्रिका’ चिकटवली की काम झालं, असं मानणाऱ्या चकचकीत मासिकांचा मला जुन्या साहेबांइतकाच कंटाळा येतो.

हा संग्रह त्या दोन्हींपासून लांब राहिला आहे. संपादकांनी मराठी प्रवासलेख आणि आफ्रिकी कथांचे अनुवाद एकाआड एक लावले आहेत, आणि त्यामुळे लेखात गावावरून गाडी भुर्रकन जाते तिथेच पुढच्या कथेत आपण त्या गावातल्या ओट्यावर बसतो. झांजिबारच्या स्टोन टाउनवरचा लेख मला विशेष आवडला. नक्षीचे दरवाजे, गुलामांच्या बाजाराच्या जागेवर उभं असलेलं चर्च, आणि तिथेच जन्मून पाचगणीच्या शाळेत शिकलेला फारूख बलसारा, म्हणजे जगाचा फ्रेडी मर्क्युरी, हे सगळं त्यात आहे आणि कुठेही फुशारकी नाही. उणिवाही आहेत. पूर्व आणि दक्षिण आफ्रिका भरपूर, पश्चिम आफ्रिका नावापुरती. लागोस किंवा डाकारबद्दल मराठीत लिहू शकणारी माणसं तिथे नोकरीला असताना हे व्हायला नको होतं. दोन लेख अजून सूर्यास्तातच अडकलेले आहेत. अनुवाद बहुतेक इंग्रजीवरून झाले आहेत, स्वाहिलीतून थेट एकही नाही. पुढच्या आवृत्तीत हे बदलावं.

वाचकांना एक विनंती. क्रम मोडून आधी कथा वाचा, मग प्रवासलेख. प्रवासाला निघणार असाल तर त्या देशाच्या लेखकाचं एक पुस्तक बॅगेत टाका. गाडीत बसल्यावर चालकाला त्याचं नाव, गाव आणि त्याच्या मुलांची शाळा विचारा. मुक्कामाची जमीन कुणाची आणि तिचं भाडं कुणाला मिळतं, हे सहल कंपनीला निघण्यापूर्वी विचारा. पुरेशा गिऱ्हाइकांनी विचारलं की कंपन्या उत्तर शोधतात. एक जेवण पोह्यांऐवजी मक्याच्या पिठाची उगाली आणि सुकुमा विकीची पालेभाजी यांचं होऊ द्या. आणि नैरोबीचं तिकीट परवडत नसेल तर खुलताबादला जा. मलिक अंबरची कबर तिथे आहे, पासपोर्ट लागत नाही.